आक्कासाठी मेथी

आमच्या घरी शेती होती, पण भाजी नव्हती. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की त्याला खोटं वाटतं. कुरुंद्याच्या अलीकडं आमचं गाव, गावाबाहेर आमचं रान, रानात हळद आणि सोयाबीन, बांधाच्या कडेनं थोडी तूर. आणि मेथीची जुडी मात्र बाजारातून विकत यायची, तीही आठवड्यातून एकदा. बाजाराच्या दिवशी पिशवी घरात आली की एक-दोन दिवस काहीतरी ताजं शिजायचं. नंतर वरण, पिठलं, आळण आणि पुन्हा वरण. आळण म्हणजे डाळीचं पीठ लावलेलं पातळ कालवण. माय त्याला लसणाची अशी फोडणी द्यायची की चर्र आवाज ओसरीपर्यंत यायचा आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथूनच म्हणायचे, "आज बी आळणच का?" माय आतून म्हणायची, "रानातून आणा की काही, मंग ते करते." रानातून आणायला हळद होती, आणि हळद काही ताटात वाढता येत नाही.

अण्णांना भाजीपाल्याचा कंटाळा होता असं नाही, त्यांना तो समजतच नव्हता. हळद हे वर्षाचं पीक. एकदा बेणं जमिनीत गेलं की होळीच्या आसपास खणून काढेपर्यंत तिला नुसतं देत राहायचं, पाणी द्यायचं, खत द्यायचं, करपा पडला की औषध मारायचं. घ्यायचं काहीच नाही. नंतर तिला उकडायचं, वाळवायचं, घोळायचं, तेव्हा कुठं ती वसमतच्या मोंढ्यात विकायला जायची. आज पेरलं आणि महिन्यानं खाल्लं, असल्या घाईच्या पिकाला अण्णा शेती म्हणायला तयार नव्हते. त्यांच्या बोलण्यात पीक म्हणजे एकरानं मोजायची गोष्ट होती.

त्या साली आक्का सातव्या महिन्यात माहेरी आली. आक्का माझी थोरली बहीण, हट्टा गावात दिलेली. तिचं पहिलं पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, पण आक्का उंबरा ओलांडताना मायचा हात आपोआप तिच्या कोपराखाली जायचा, ते सगळं त्यामुळंच होतं. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की रक्त फार कमी आहे, गोळ्या चुकवू नका आणि पालेभाजी रोज खा. गोळ्यांनी आक्काला मळमळायचं. ती जीभ काढून मला दाखवायची आणि म्हणायची, "मने, लोखंड चाटल्यासारखं लागतंय बघ." राहिली पालेभाजी. ती बाजाराच्या दिवशी यायची आणि तिसऱ्या दिवशी पिवळी पडायची. तिच्यावर काय काय मारलेलं असतं, अशी चर्चा बायका आमच्या ओसरीवर बसून करायच्या, आणि मी आत दहावीचं पुस्तक उघडं ठेवून ती सगळी ऐकायची.

मी जन्माची घाबरट. माय म्हणायची, पाऊस आला तरी हिला घोर आणि न्हाई आला तरी घोर. आता संसाराला लागले तरी त्यात फारसा फरक पडलेला नाही. गॅस बंद केला का ते बघायला मी अजून अर्ध्या रस्त्यातून परत येते. त्या दिवसांत तर मी आक्काच्या पोटाकडंच बघत बसायची. ती बाजेवर पडली की मी विचारायची, "हललं का?" ती म्हणायची, हललं. थोड्या वेळानं परत विचारायची. शेवटी ती चिडून म्हणाली, "त्याला झोपू दे की थोडं. तुझ्या भ्यानं ते बाहेर यायचं न्हाई." मला काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर मी तिला वेड लावलं असतं. म्हणून मी ठरवलं की आक्कासाठी घरीच मेथी लावायची.

जागा होती न्हाणीच्या मागं, गोठ्याच्या भिंतीलगत. तिथं फुटक्या विटा, चपलांचे तळ आणि कधीकाळी फेकलेली बांगड्यांची काच निघाली. जमीन काळी, वरून सुकलेली आणि खालून चिकट. कुदळ मारली की रुतून बसायची. फोनवर एक बाई गच्चीतल्या कुंड्यांमध्ये भाजी लावून दाखवायची. तिची माती हातातून साखरेसारखी गळायची, आणि मी माझ्या ढेकळांकडं बघून रडकुंडीला यायची. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "एवढ्याशा जागेत काय इचारायचं असतं? टाक बी, येतंय." माझ्या वाफ्यावरून बैल काय, शेळीसुद्धा नीट वळली नसती, त्यामुळं त्यांना सल्ला सुचतच नव्हता. ते गेले आणि मी एकटीनंच शेणखत कालवलं, वाफा केला, स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणे काढून ओळीनं पेरले. बाजूला अंगणवाडीच्या ताईंनी दिलेला पालक टाकला.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला माझीच कीव येते. बी उगवतंय की नाही हे बघायला मी रोज सकाळी बोटानं माती उकरायची आणि दाणा काढून बघायची. दाणा फुगलेला असला की जीव भांड्यात पडायचा. मग तो परत पुरायचा. मायनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अंडं फोडून पिल्लू बघून राहिली का गं?" पाणी कमी पडेल म्हणून मी सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालायची, मग जास्त झालं असं वाटून काडीनं चर काढून ते बाहेर सोडायची. पालक कुजला. मेथी मात्र माझ्या हातून वाचली. एके सकाळी वाफ्याच्या कडेनं माती वर उचलली गेलेली दिसली आणि खालून दुहेरी पानाच्या हिरव्या माना निघाल्या. मी आक्काला हाताला धरून उठवून आणलं. ती एका हातानं कंबर धरून उभी राहिली, बराच वेळ बघत होती, आणि म्हणाली, "माझ्यासाठी व्हय गं हे?" मला एवढा आनंद झाला की लगेच नवा घोर लागला: आता हे जगवायचं कसं?

शेजारच्या काशीकाकूंच्या कोंबड्या टपलेल्याच होत्या. मी बाभळीच्या काट्या रोवून त्यांना मायचं जुनं लुगडं गुंडाळलं. आक्काची बाज न्हाणीमागच्या सावलीत आणून ठेवली. सकाळी ती तिथं बसायची, केस मोकळे सोडून, सुजलेले पाय खालच्या विटेवर ठेवून, आणि कोंबडी दिसली की तिथूनच हुश्श हुश्श करायची. गोठ्यातून गाईच्या घंटीचा आवाज, न्हाणीत मायच्या भांड्यांचा आवाज, मधूनच लांबवर कुणाच्या तरी रानात चालू असलेल्या फवारणीच्या पंपाची घरघर. तिच्या चेहऱ्यावर थोडी लाली दिसायला लागली असं मला वाटायचं. खरं म्हणजे ती अजून काहीच खात नव्हती, नुसती बघत होती.

मेथी वीतभर झाली आणि पानांना भोकं दिसली. आधी दोन, मग बरीच. पानं उलटी करून बघितली तर हिरवी बारीक अळी. माझी झोप उडाली. फोनवरची बाई म्हणत होती, राख टाका; मी चुलीतली राख गाळून टाकली. माणसं जेवायला बसली की मी अळीचं बोलायची, उठली की अळीचं बोलायची. अण्णा एकदा म्हणाले, "दोन पानं खाल्ली तर खाऊ दे. तिला बी पोट हाय." मी त्यांच्यावर ओरडले की तुमाला काहीच वाटत न्हाई, आक्काची भाजी अळी खाऊन टाकणार आणि तुमी गंमत करताय. अण्णांनी हात धुतले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि रानात गेले. ते फार बोलायचेच नाहीत. मनात काय चाललंय ते त्यांच्या हातांकडं बघून ओळखावं लागायचं, आणि तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

दोन-तीन दिवसांनी अळी गेली. पानं उलटी केली तर एकही नाही. माझ्या राखेला यश आलं, असं मी सगळ्या घराला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. माय म्हणाली, आता खुडू. आमच्या घराची एक रीत होती, घरच्या जागेत पहिल्यांदा जे येईल ते घरात आलेल्या लेकीच्या ताटात. चुलीपाशी बसलेली माय आणि मी, दोघींनी त्यातलं एक पानसुद्धा तोंडात टाकायचं नाही. मायनं तिला विचारलं, "भाजी करू का घोळाना?" आक्का लहान पोरीसारखी म्हणाली, "घोळाना." आमच्याकडचा घोळाना म्हणजे कच्च्या मेथीचा. कोवळी पानं चिरायची, कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल, आणि हातानं कालवायचं. मायनं मेथी एका पाण्यातून काढली, कारण घरची होती, आपल्या हातची होती, तिला कशाला दहादा धुवायचं. आज माझ्या मोरीत पालेभाजी आली की मी चार-चार पाण्यांतून काढते आणि जाऊ हसते. तिला कारण माहीत नाही.

आक्कानं दीड भाकरी खाल्ली. महिनाभरात ती एवढं जेवली नव्हती. परातीच्या कडेला लागलेलं तेल बोटानं पुसून चाटलं. मी समोर बसून तिचं तोंड बघत होते आणि मला वाटत होतं की रक्त वाढताना दिसलं असतं तर मला आत्ता दिसलं असतं.

अण्णा जेवायला आले ते ऊन चढल्यावर. ओसरीत बसून पायांवर पाणी घेत होते. मी म्हटलं, "अण्णा, अळी गेली बघा. राखेनं गेली." अण्णा हसले. ते क्वचितच हसायचे. म्हणाले, "राखेनं कुठं जाती येडे? परवा मी मारलं की. हळदीचं औषध उरलं व्हतं पंपात. तू शाळेत होतीस, तुझी माय गिरणीवर, आक्का आत झोपलेली. म्हटलं, पोरगी घोर करून राहिली, मारून टाकू. बराबर गेली का न्हाई?"

हे सांगताना त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. न मागता पोरीचं काम करून दिलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

माय दारात आली. तिच्या हातावर अर्धी थापलेली भाकरी होती. "काय मारलं?" ती म्हणाली.

"औषध. करप्याचं अन् अळीचं मिसळून व्हतं तेच. मंग? आत्ता कुठं खायची हाय ती?"

अण्णांनी आधी मायकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग आत, जिथं आक्का भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्यापुढं तेलकट परात होती. त्यांच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी पायऱ्यांवरून खाली वाहत राहिलं. जन्मभर त्यांनी ज्या पिकावर औषध मारलं, त्याला माणसाचं तोंड लागायला कित्येक महिने मध्ये जायचे. परवा मारलेलं आज कुणी खाईल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आक्का म्हणाली, "मी खाल्ली अण्णा."

मग एकदमच सगळं सुरू झालं. मायनं मिठाचं पाणी केलं, आक्कानं पेला ढकलला. ती दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती आणि कुठंतरी खाली ऐकू येतंय का ते बघितल्यासारखी मान वाकवून होती. मी विचारलं, "हललं का?" या वेळी ती चिडली नाही. म्हणाली, "न्हाई हलत. सकाळी हललं व्हतं. आता न्हाई." मला वाटलं, मी मेथी लावली नसती तर. मला वाटलं, मी अळीचं तुणतुणं लावलं नसतं तर. काशीकाकूंचा नवरा मारोतीकाका ऑटो चालवायचा. मी अनवाणीच पळत जाऊन त्याला जेवणावरून उठवून आणलं. अण्णा तोवर रानात पळत गेले होते, कारण मारोतीकाका म्हणाला की डॉक्टर आधी बाटली मागतात. ते बांधावर फेकलेल्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन धापा टाकत आले आणि ऑटोत बसायला लागले. मायनं त्यांच्या हातातून बाटल्या ओढून घेतल्या. "तुमी नका येऊ," ती म्हणाली. "तुमी घरीच थांबा. तुमचं तोंड बी नका दाखवू मला." अण्णांनी आत ठेवलेला पाय बाहेर काढला. ऑटो वळला तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते.

वसमतपर्यंतचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला माय आक्काला वरून धरायची आणि मारोतीकाकाला शिव्या घालायची. मी आक्काचा हात धरला होता. तो थंड वाटत होता, पण माझाच थंड असेल. आक्का रडली नाही. एकदाच म्हणाली, "माय, हट्ट्याला फोन करू नको. आत्ताच नको." त्यावर माय रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी बाटल्यांवरचं वाचलं, आक्काच्या डोळ्यांत बॅटरी मारली, उलट्या झाल्या का, तोंडाला पाणी सुटतंय का, छातीत कोंडतंय का, सगळं विचारलं. मग टेबलावर झोपवून पोटाला ते थंडगार लावलं आणि हातातलं यंत्र फिरवायला लागल्या. नुसती खरखर. त्यांनी ते डावीकडं नेलं, खाली नेलं. खरखर. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडं बघत होते आणि त्याला काय काय कबूल करत होते ते आता सांगण्यासारखं नाही. आणि मग आवाज आला. पिठाच्या गिरणीचा पट्टा भरधाव फिरावा तसा, धडधडधडधड. बाई म्हणाल्या, "हे घ्या. आहे की." मायनं तिथंच फरशीवर बसकण मारली.

पुढचा काही वेळ त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं. सलाईन लावलं, दर थोड्या वेळानं येऊन बघितलं. त्या म्हणाल्या की औषध पंपाच्या तळाचं उरलेलं होतं, पानं धुतलेली होती आणि पोटात गेलं ते थोडंच, लक्षण एकही दिसत नाही. पण दोन दिवस लक्ष ठेवा आणि अमुक झालं तर लगेच या. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि औषध मारणारे कोण तुमच्या घरात? त्यांना पाठवा माझ्याकडं." आक्का हसली. पोट धरून हसली आणि मध्येच थांबली. "माय," ती म्हणाली, "लाथ मारली."

तेव्हा मायला अण्णांची आठवण झाली. तिनं आक्काच्या फोनवरून त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत. मी म्हटलं, शर्ट काढून ठेवला असेल, खिशात राहिला असेल. माय म्हणाली, व्हय. पण तिचा चेहरा उतरत गेला. आमच्या घरी कोनाड्यात, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, हळदीच्या औषधाच्या भरलेल्या बाटल्या होत्या. आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतात. अशा घरात न उचललेल्या फोनचा अर्थ काय असू शकतो हे बाईमाणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारी कुणाला फोन करून बघायला पाठवावं, तर मारोतीकाका आमच्यापाशीच होता आणि काशीकाकू रानात. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर काय सांगायचं? जे मनात होतं ते तोंडानं बोलावं लागलं असतं, आणि माय ते बोलायला तयार नव्हती.

परतीच्या वाटेवर मायनं मारोतीकाकाला एकही शिवी घातली नाही. खड्डा आला तरी नाही. ती पुढच्या दांडीला धरून बसली होती. एकदा, कुणाकडं न बघता म्हणाली, "मी काहून तसं बोलले?" आक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी फोन कानाला लावून बसले होते. रिंग संपली की परत लावायची. दुपारभर एका जिवाची भीती बाळगून मी थकले होते, आणि ती पुरती उतरायच्या आत दुसऱ्या जिवाची भीती येऊन बसली. आजवर मी किती तऱ्हांनी घाबरलेय, पण त्या ऑटोतली भीती परत कधी अनुभवली नाही आणि अनुभवायची इच्छाही नाही.

घराशी आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. दार सताड उघडं. ओसरीच्या खुंटीवर अण्णांचा सदरा लटकत होता आणि त्याच्या खिशात माझीच रिंग वाजत होती. माय आधी कोनाड्याकडं पळाली. बाटल्या जागच्या जागी होत्या, तिनं एकेक उचलून झाकणं बघितली. मी मागच्या दारानं बाहेर गेले.

अण्णा वाफ्यापाशी उकिडवे बसले होते. बाभळीच्या काट्या एका बाजूला काढून ठेवल्या होत्या. अर्धा वाफा बोडका झाला होता. त्यांच्या मिशीला हिरवं पान चिकटलं होतं आणि ते चावत होते, सावकाश, गाय चावते तसं. त्यांच्या मुठीत अजून एक जुडी होती, मातीसकट.

माय माझ्या मागं येऊन थांबली. "अवो," ती म्हणाली. "काय खाऊन राहिले तुमी?"

"मेथी."

"औषधाची?"

अण्णांनी मान हलवली. "तिनं खाल्ली तेवढी खाल्ली आधी. न धुता. मंग वाटलं, तिच्या पोटात दोघं हायेत, म्हणून अजून खाल्ली. तुमी गेल्यापासून बसून राहिलोय. म्हटलं, तिला जे व्हईल ते मला बी कळंल. आधी मला व्हईल." मुठीतल्या जुडीकडं बघत ते म्हणाले, "अजून तर काही झालं न्हाई."

मायनं त्यांच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. मग दुसरा. आम्ही तिला असं करताना जन्मात पाहिलं नव्हतं, आणि अण्णांनीही ते निमूट घेतले. मग ती त्यांच्या शेजारी मातीतच बसली आणि पदर तोंडात घालून रडली. मलाही रडू आलं. एवढा मोठा माणूस, आठ एकरांचा धनी, सगळी दुपार एकट्यानं कच्ची मेथी चावत बसला होता, कारण त्याला दुसरं काही करता येत नव्हतं.

आक्का हळूहळू चालत आली. भिंतीचा आधार घेत बाजेवर टेकली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही, तिच्या पायांकडं बघितलं. आमच्याकडं बाप लेकीला पोटातल्या पोराचं विचारत नाही. तब्येत कशी आहे हेसुद्धा तो बायकोकडून विचारून घेतो. सात महिन्यांत अण्णांनी त्याबद्दल आक्काशी एक अक्षर काढलं नव्हतं.

"हलतंय का?" अण्णांनी विचारलं.

"हलतंय अण्णा. डॉक्टरीणबाईंनी आवाज बी ऐकवला."

"आत्ता?"

आक्कानं पोटावर हात ठेवला. गोठ्यातली गाय पाय आपटत होती, तिची धार काढायची राहिली होती, पण कुणी उठलं नाही. माय रडायची थांबली. आम्ही सगळे आक्काच्या हाताकडं बघत राहिलो आणि अण्णा तिच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हललं," आक्का म्हणाली.

तेव्हा कुठं त्यांनी मुठीतली मेथी खाली टाकली.